कर्जत म्हणजे कोणते कर्जत? संगणकाच्या नावशोधाचा इतिहास

१/ खोपोलीच्या फलाटावर कोणी 'कर्जत' म्हणाले, तर त्याला पळसदरीनंतरचे स्थानक अभिप्रेत असते. हाच शब्द जामखेडच्या बसस्थानकावर उच्चारला, तर तो अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जतकडे नेतो. नाव एक, गावे दोन. तरी रोजच्या व्यवहारात कोणी चुकत नाही. माणसांना सहज साधणारी ही गोष्ट संगणकांना शिकवायला सुमारे दीड दशक लागले. त्या खटाटोपाच्या खुणा आजही आपल्या संगणकातील तीन लहान फायलींत जिवंत आहेत. आजचा धागा त्यांच्याविषयी.

२/ माझे मत आधीच सांगून टाकते. एखादे नाव समोर आले की संगणकाने त्याचा पत्ता प्रथम कोणाला विचारावा, हा क्रम वरवर तांत्रिक दिसतो. प्रत्यक्षात तो साक्षीदारांचा क्रम आहे. कोणाचा शब्द आधी मानायचा, कोणाचा नंतर, आणि कोणी 'नाही' म्हटले तर पुढे विचारायचे की थांबायचे, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याचे रोजचे प्रश्न आहेत. म्हणून या फायली आपण उघडून वाचल्या पाहिजेत आणि त्यांतील क्रम आपण स्वतः ठरवला पाहिजे. यूट्यूबवरच्या एखाद्या चलच्चित्रात पाहिले म्हणून चार आकडे जसेच्या तसे डकवणे, हा संदर्भ न तपासता बखर उद्धृत करण्यातलाच प्रकार आहे.

३/ थोडी पार्श्वभूमी. जाळ्यातील प्रत्येक यंत्राला आकड्यांचा एक पत्ता असतो. माणसाला आकडे लक्षात राहत नाहीत, म्हणून नावे आली. नावावरून आकडा काढायचा, तर कोठेतरी यादी हवी. अमेरिकेतील अर्पानेट या जाळ्यात १९७०च्या दशकात अशी एकच अधिकृत यादी होती: 'होस्ट्स डॉट टीएक्सटी'. कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे, स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या माहिती केंद्रात ती ठेवलेली असे. एलिझाबेथ फाइनलर यांच्या देखरेखीखाली हे केंद्र चाले. नवे यंत्र जोडले की केंद्राला कळवायचे. केंद्र नोंद करणार. बाकीचे सगळे ती यादी पुनःपुन्हा उतरवून घेणार. आठवड्यातून एकदोनदा यादी अद्ययावत होई.

४/ या व्यवस्थेत दोन दोष होते. पहिला उघड आहे: यंत्रे वाढली की यादी वाढते, ती उतरवून घेणारेही वाढतात, आणि एका कार्यालयाच्या मानेवर सगळ्या जगाचे जोखड येते. दुसरा दोष मला अधिक रंजक वाटतो. यादी सपाट होती. तिच्यात 'कर्जत' एकदाच लिहिता येई. ज्याने आधी नोंदवले त्याचे कर्जत खरे. दुसऱ्याने गावाचे नाव बदलावे!

५/ यावर तोडगा निघाला १९८३ मध्ये. पॉल मॉकापेट्रिस यांनी त्या वर्षीच्या नोव्हेंबरात दोन टिपणे प्रसिद्ध केली आणि 'डोमेन नेम सिस्टिम', म्हणजे डीएनएस, जन्माला आली. मूळ कल्पना अशी: एका कार्यालयाने सगळी नावे सांभाळायची नाहीत. वरच्याने खालच्याला अधिकार वाटून द्यायचा, खालच्याने आपल्या हद्दीतील नोंदी आपण ठेवायच्या. रायगडातील नावे रायगडाने सांभाळावी, अहिल्यानगरची अहिल्यानगरने. मग दोन कर्जत सुखाने नांदतात, कारण पूर्ण नाव वेगळे असते.

६/ हे प्रत्यक्षात कसे घडते? ज्यांनी उंबरखिंडीची वारी केली आहे त्यांना समजावून सांगण्याची गरज नाही. २ फेब्रुवारी १६६१ रोजी शिवरायांनी कारतलबखानाला ज्या खिंडीत कोंडले, ती खालापूर तालुक्यात चावणी गावाजवळ आहे. मुंबईत कोणाला विचारा, त्याला खिंड ठाऊक नसते. पण "खोपोलीला जा" एवढे तो सांगतो. खोपोलीत कोणी पालीच्या रस्त्याला लावून देतो आणि म्हणतो, "पुढे चावणीची वाट विचारा." चावणीत एखादी आजी हात करून दाखवते. वाटेतील कोणालाही सगळे माहीत नव्हते. प्रत्येकाला फक्त आपल्यापेक्षा अधिक जाणणारा कोण, एवढे माहीत होते. डीएनएस नेमके हेच करते: मूळ सर्व्हर 'डॉट इन'कडे बोट दाखवतो, 'डॉट इन' पुढच्याकडे, आणि शेवटचा सर्व्हर आकडा सांगतो.

७/ जाता जाता: ही व्यवस्था युनिक्स संगणकांवर आणणारा 'बाइंड' हा प्रोग्राम १९८४ च्या सुमारास बर्कली विद्यापीठातील चार पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी लिहिला. डग्लस टेरी, मार्क पेंटर, डेव्हिड रिगल आणि सॉंगनियन झोऊ ही त्यांची नावे. ज्यांच्या प्रबंधाचा आराखडा अजून मार्गदर्शकांकडे अडकला आहे, त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

८/ पण मग फलाटावर 'कर्जत' एवढेच म्हणून कसे भागते? संगणकातही तशी सोय आहे. 'रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ' नावाच्या फाइलीत 'सर्च' या शब्दाने सुरू होणारी एक ओळ असते. अर्धवट नाव आले तर त्याच्या शेपटीला कोणता प्रदेश जोडून पाहायचा, ते ती ओळ सांगते. खोपोलीच्या संगणकात तेथे रायगड असेल, जामखेडच्या संगणकात अहिल्यानगर. अर्थ शब्दात नसतो, बोलणाऱ्याच्या जागेत असतो, हे जुनी पत्रे वाचताना आपण शिकतो. येथे ते एका ओळीत लिहून ठेवले आहे. आणि पूर्ण नावाच्या शेवटी एक टिंब दिले की संगणकाला कळते, हे नाव पुरे झाले, याला काही जोडायचे नाही. पूर्णविरामाचा इतका शब्दशः वापर मी अन्यत्र पाहिलेला नाही.

९/ अधिकार वाटून देणारी पत्त्यांची रचना आपल्याकडे डीएनएसच्या अकरा वर्षे आधी आली होती. केंद्रीय दळणवळण मंत्रालयातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली पिनकोड पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. एकाच नावाची अनेक गावे आणि अनेक लिप्यांतील हस्ताक्षरे, या दोन्ही अडचणींवर तो उपाय होता. कर्जत ४१०२०१, खालापूर ४१०२०२, खोपोली ४१०२०३. पहिला अंक विभाग सांगतो, पहिले तीन मिळून वर्गवारीचा जिल्हा, शेवटचे तीन टपाल कार्यालय. फरक एवढाच की पिनकोडमध्ये डावीकडून उजवीकडे जायचे, डीएनएसमध्ये उजवीकडून डावीकडे. वेलणकर संस्कृतचे कवीही होते, हे अवांतर; पण इंटरनेटच्या इतिहासाच्या एखाद्या पाठात त्यांचे नाव यायला हवे, हे अवांतर नाही.

१०/ आता महाराष्ट्र. भारताचे 'डॉट इन' हे नाव जागतिक नोंदीत आले ते मे १९८९ मध्ये. त्याची देखभाल मुंबईत जुहू येथील 'नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी', म्हणजे एनसीएसटी, या संस्थेकडे होती. शिक्षण-संशोधन संस्थांना जोडणाऱ्या 'अर्नेट' या जाळ्याच्या उभारणीतही ती अग्रभागी होती. त्या प्रारंभीच्या काळात ईमेल पाठवताना अनेकदा केवळ पत्ता पुरत नसे; पत्र कोणकोणत्या संगणकांतून जायचे, ती सगळी वाट उद्गारचिन्हांनी जोडून लिहावी लागे. म्हणजे 'चावणी' लिहून भागत नसे; 'मुंबई! पनवेल! खोपोली! चावणी!' असे लिहावे लागे. मधला एक संगणक बंद पडला की पत्र अडले. वाटेवरून नावाकडे हा जो प्रवास झाला, त्याचा एक मुक्काम जुहूला होता. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली, त्याच्या सहा वर्षे आधीची ही गोष्ट. मुंबईच्या इतिहासावरील आपल्या चर्चांत गिरण्या येतात, गोद्या येतात. जुहूची ही नोंदवही क्वचितच येते. पुढे एनसीएसटी सी-डॅकमध्ये विलीन झाली आणि २००५ पासून 'डॉट इन'चा कारभार नव्या नोंदणी यंत्रणेकडे गेला.

११/ डीएनएस आल्यावर जुनी यादी मेली का? नाही. इतिहासात जुनी संस्था सहसा मरत नाही, कोपऱ्यात सरकते. तुमच्या प्रत्येक संगणकात 'होस्ट्स' नावाची फाइल आजही आहे. विंडोजमध्ये ती 'सिस्टिम३२' मधील 'ड्रायव्हर्स' या फोल्डरात, 'ईटीसी' नावाच्या खोलीत आहे. 'ईटीसी' हे युनिक्समधील फोल्डरचे नाव. विंडोजच्या घरात ते का, असा प्रश्न पडला तर समजावे की आपण पायातला एक जुना दगड पाहत आहोत.

१२/ मग यादी आधी की डीएनएस आधी? याचे उत्तर एकेकाळी प्रत्येक यंत्रणा आपापल्या मर्जीने देई, आणि बहुधा ते प्रोग्रामच्या आत पुरलेले असे. १९८०च्या दशकात सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीने कार्यालयातील यंत्रांसाठी आणखी एक सामायिक यादी आणली. तिचे मूळ नाव 'येलो पेजेस'. ते नाव ब्रिटिश टेलिकॉमचे नोंदणीकृत चिन्ह निघाले, म्हणून सनने ते बदलले. पण आज्ञांच्या आरंभीची 'वायपी' ही अक्षरे तशीच राहिली. आता साक्षीदार तीन झाले. तेव्हा सनच्या सोलॅरिस प्रणालीत 'एनएसस्विच डॉट कॉन्फ' ही फाइल आली आणि क्रम उघड्यावर, माणसाला वाचता येईल असा लिहिला गेला. लिनक्सने तीच पद्धत उचलली. तिच्यातील एक ओळ साधारणतः अशी असते: 'होस्ट्स: फाइल्स डीएनएस'. आधी घरची यादी, मग जग.

१३/ मला ही ओळ पाहिली की कुळकर्ण्याचे दप्तर आठवते. गावचा हिशेब गावच्या कुळकर्ण्याकडे, परगण्याचा देशपांड्याकडे. शेताच्या बांधाची शहानिशा करायची तर सुरुवात गावातून व्हायची. घरच्या यादीला पहिला मान, यात शहाणपण आहेच. खालापूर तालुक्यातील एका लहान वाचनालयात काही जुन्या कागदपत्रांच्या छायाप्रती एका संगणकावर ठेवल्या आहेत. शेजारच्या संगणकांच्या 'होस्ट्स' फाइलीत त्या यंत्राचा आकडा आणि पुढे रोमन लिपीत 'दप्तर' हे नाव, एवढी एकच ओळ. पावसाळ्यात घाटाखाली इंटरनेट दिवसदिवस गायब असते. वाचकाने 'दप्तर' टंकले की कागद तरीही समोर येतात, कारण घरातली वाट विचारायला कोणाला घराबाहेर जावे लागत नाही. तालुक्यातालुक्यांत अशी दप्तरे उभी राहावीत, असे मला मनापासून वाटते.

१४/ पण कुळकर्ण्याच्या दप्तराचा दोषही येथे तंतोतंत आहे. स्थानिक नोंद चुकली, तरी तीच आधी ऐकली जाते. त्याच वाचनालयात मध्यंतरी राउटर बदलला, यंत्राचा आकडा बदलला, आणि हाताच्या अंतरावरचे 'दप्तर' सापडेनासे झाले. कोणी, कधी, का लिहिली होती याचा पत्ता नसलेली ती ओळ जुनाच आकडा सांगत राहिली. 'होस्ट्स' फाइलीत ओळीच्या शेवटी चौकटीचे चिन्ह देऊन हवे ते लिहिता येते. संगणक ते वाचत नाही, माणूस वाचतो. तेथे दिनांक आणि लिहिणाऱ्याचे नाव घालण्याची सवय लावा. अदिनांकित कागदाने आपल्या विषयात किती पिढ्या झुंजवल्या आहेत, हे मी सांगायला नको.

१५/ आता या सगळ्यातील मला सर्वांत मोलाची वाटणारी बाब. 'रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ'मध्ये तीनपर्यंत नेम सर्व्हर लिहिता येतात. बहुतेकांची समजूत अशी की पहिल्याला नाव सापडले नाही तर संगणक दुसऱ्याला विचारतो. तसे नाही. पहिल्याने "असे नाव अस्तित्वात नाही" असे उत्तर दिले, तर तो निकाल मानला जातो आणि शोध तेथेच संपतो. दुसऱ्याकडे जायचे ते पहिला गप्प राहिला तर. एरवी पाच सेकंद वाट पाहून. 'नाही' आणि 'निरुत्तर' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दप्तरात कागद नाही, आणि दप्तर बंद होते म्हणून पाहता आले नाही, या दोन विधानांत केवढे अंतर आहे! आपल्या क्षेत्रातील कित्येक वाद हे अंतर न पाळल्याने माजले आहेत. "समकालीन साधनांत उल्लेख नाही" असे ठोकून देणाऱ्याला विचारावे: साधनांनी नकार दिला, की तुम्ही पाच सेकंदही वाट पाहिली नाही?

१६/ येथे माझा आक्षेप. आपल्या वयाचे अनेक जण इंटरनेट मंदावले की नेम सर्व्हरच्या जागी चार वेळा आठ लिहून मोकळे होतात. ती गूगलची सेवा आहे, डिसेंबर २००९ पासूनची. चार वेळा एक लिहिले तर क्लाउडफ्लेअर, एप्रिल २०१८ पासून. या सेवा वाईट आहेत असे मी म्हणत नाही. जलद आहेत, आणि आपल्या सेवादाराच्या सर्व्हरपेक्षा पुष्कळदा अधिक विश्वासार्हही. पण त्या क्षणी आपण काय केले, हे ध्यानात असावे. आपण दिवसभरात कोणकोणती नावे विचारली याची यादी एका घरातून दुसऱ्या घरी नेऊन ठेवली. कोणाला विचारले यावर उत्तर ठरते, आणि कोण विचारत होते हे उत्तर देणाऱ्याला कळते. काही ब्राउझर तर आता संगणकात ठरवलेला सर्व्हर डावलून आपल्या पसंतीच्या सर्व्हरला विचारू शकतात. निर्णय घ्यावा, फक्त तो आपला असावा.

१७/ नावे बदलतात तेव्हा काय होते? डीएनएसमधील प्रत्येक नोंदीबरोबर तिचे आयुष्य सेकंदांत लिहिलेले असते. तेवढा काळ मधले सर्व्हर जुने उत्तर जपून ठेवतात, मग पुन्हा विचारतात. मानवी व्यवहारात असे आयुष्य कोणी लिहीत नाही. आपला जिल्हा पूर्वीचा कुलाबा. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावरून ते नाव पडले, आणि मुंबईच्या कुलाब्याशी त्याचा गोंधळ नित्याचा. १ जानेवारी १९८१ रोजी तो रायगड झाला. लोकसभेचा मतदारसंघ मात्र 'कुलाबा'च राहिला. पुनर्रचनेनंतर २००९ च्या निवडणुकीत तो 'रायगड' झाला. अठ्ठावीस वर्षे जपलेले जुने उत्तर! १८८२ च्या मुंबई गॅझेटियरमध्ये कर्जत शोधणाऱ्याला तर ठाणे जिल्ह्याचा खंड उघडावा लागतो.

१८/ आणि कोणी मुद्दाम खोटे उत्तर दिले तर? २००८ मध्ये डॅन कामिन्स्की यांनी दाखवून दिले की मधल्या सर्व्हरच्या आठवणीत बनावट नोंद घुसवणे वाटते त्याहून फार सोपे आहे. उपाय आधीपासून सुचवलेला होता: नोंदींवर अंकीय सही. २०१० मध्ये मूळ सर्व्हरच्या नोंदींवरही ती होऊ लागली. शिवकालीन पत्राच्या अखेरीस मोर्तब उमटते, ते मजकूर संपल्याची आणि पुढे कोणी भर घातली नसल्याची ग्वाही देण्यासाठी; या सहीचे काम त्याच जातीचे. मात्र मोर्तब असले तरी ते ताडून पाहणारा हवा. तुमचा नेम सर्व्हर सही तपासतो की नाही, हे विचारण्यासारखे आहे.

१९/ लिपीचा प्रश्न राहिला. १८५६ मध्ये रेल्वे खोपोलीला पोहोचली तेव्हा इंग्रजी कागदांत गावाचे नाव उमटले 'कॅम्पूली'. साहेबाच्या कानाला जे ऐकू आले ते. त्यावरून मूळ उच्चार परत काढणे अशक्य. २७ ऑगस्ट २०१४ रोजी देवनागरीतील 'डॉट भारत' खुले झाले, मराठी-कोकणीसह आठ भाषांसाठी. पण डीएनएसच्या पोटात आजही रोमन अक्षरेच चालतात. 'भारत' तेथे 'एक्सएन', दोन आडव्या रेघा आणि 'एच२बीआरजे९सी' असा जातो. हे पाहून काही मित्र संतापतात: पुन्हा कॅम्पूलीच! मला ते पटत नाही. कॅम्पूलीवरून खोपोलीकडे परतता येत नव्हते. या सांकेतिक रूपातून 'भारत' काना-मात्रेसह अचूक परत येतो. ते नाव घडवणारा नियम सर्वांसमोर छापलेला आहे आणि तो कोणाच्या कानावर अवलंबून नाही. माझी तक्रार वेगळी आहे. दार उघडून दशक उलटले, तरी मराठी इतिहासाची आपली किती संकेतस्थळे त्या नावाने उभी आहेत?

२०/ ज्यांच्याकडे लिनक्स आहे त्यांनी आज रात्री एक प्रयोग करावा. 'होस्ट्स' फाइलीत एक काल्पनिक नाव आणि घरातील एखाद्या यंत्राचा आकडा लिहा. मग तेच नाव दोन आज्ञांनी शोधा. 'गेटेंट होस्ट्स' ही आज्ञा तुमचा ठरवलेला क्रम पाळते. ती आकडा सांगेल. 'डिग' ही आज्ञा थेट डीएनएसला विचारते आणि घरच्या यादीकडे ढुंकूनही पाहत नाही. अनेक यंत्रांवर ती म्हणेल, असे नाव नाही. दोन्ही खरे बोलत असतात. आपापल्या पडद्यावर काय दिसले ते खाली लिहा. क्रम बदलून पाहिला असेल, तर तोही. आणि प्रयोग झाला की ती ओळ पुसा, किंवा तिच्यापुढे दिनांक घाला.